पाय हक्काचा, न्हाणी वर्गणीची: झाडीपट्टीतल्या एका निधीसंकलनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

वैनगंगेच्या काठी, ब्रह्मपुरी आणि वडसा यांच्या मधल्या धानपट्ट्यातलं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं हे गाव. साडेतीनशेच्या आसपास उंबरे, एक सातवीपर्यंतची शाळा, एक उपकेंद्र, आणि दरवर्षी मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, नाटक लावणारं तरुणांचं मंडळ. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव, पलटण आणि वर्ष गाळलं आहे. ज्या जवानाचं हे प्रकरण आहे त्यांना इथे 'नाईक' म्हटलं आहे, कारण त्यांचा हुद्दा तोच होता. गावात त्यांना सगळे 'फौजी भाऊ' म्हणतात.

ताबारेषेवर गस्तीवर असताना भूसुरुंगाच्या स्फोटात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुढच्या शस्त्रक्रिया झाल्या, पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवला गेला (हे केंद्र १९४४ पासून सैन्यदलांसाठी काम करतं) आणि वैद्यकीय कारणावरून सेवामुक्ती झाली. तेव्हा वय ३४. घरी आई, पत्नी, दोन मुलं आणि साडेतीन एकर धानाची जमीन.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात, रोवणीच्या (धानाच्या लावणीच्या) दिवसांत बिघडलं. याचं कारण समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. पाय कापल्यावर उरलेला भाग, म्हणजे स्टम्प, पहिल्या दीड-दोन वर्षांत बराच आटतो. सूज उतरते, स्नायू बारीक होतात. पण ज्या वाटीत तो बसतो ते सॉकेट पहिल्याच मापाचं राहतं. सैल पडलं की आत जाड मोजे चढवायचे असतात, आधी एक, मग दोन, मग तीन. मोज्यांनीही भागेनासं झालं की नवं सॉकेट घ्यावं लागतं. नाईक चार मोजे घालत होते. स्टम्प खाली सरकून नडगीच्या हाडाचं टोक तळाला टेकत होतं. त्यात बांधीतला, म्हणजे धानाच्या खाचरातला चिखल. बूट चिखलात रुतला की सैल सॉकेटमध्ये पायाला हिसका बसतो, पंजाच्या आवरणात गाळ शिरतो. ऑगस्टच्या शेवटी स्टम्पच्या टोकाला रुपयाएवढी जखम झाली आणि पंजाचं आवरण टाचेशी फाटलं.

अडचण

जखम भरेपर्यंत पाय घालायचा नव्हता. म्हणजे कुबड्या. घराचा ओटा जमिनीपासून ४५ सेंटीमीटर उंच, त्याला दोन वेड्यावाकड्या दगडी पायऱ्या. संडास भारतीय बैठकीचा. न्हाणीत बसायला पाट. एका पायावर पाटावर बसणं आणि ओल्या फरशीवरून उठणं म्हणजे रोज पडायचा धोका. दोनदा ते पडलेही. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची ३८ मीटर वाट काळ्या मातीची, पावसात कुबडीचं टोक वीतभर आत जायचं.

मंडळाच्या पोरांना हे दिसलं आणि वाईट वाटलं. त्यांच्या कळवळ्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण त्यांनी पहिलं काम केलं ते पोस्टर बनवण्याचं. नाईकांचा गणवेशातला फोटो, शेजारी जखमेसह स्टम्पचा फोटो (तो एका चुलतभावाने काढला होता), 'नव्या पायासाठी ५ लाखांची गरज' अशी ओळ आणि खाली मंडळाच्या सचिवाच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड. एका रात्रीत ते तालुकाभर फिरलं. चार दिवसांत ४७ जणांनी मिळून १८,३०० रुपये पाठवले.

नाईकांना हे कळलं ते मेहुण्याच्या फोनमुळे. ते मंडळाच्या अध्यक्षाकडे गेले आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, मले न विचारता माह्या पायाचा फोटो कायले टाकला? पोरगी शाळेत जाते माही." पत्नीचं म्हणणं त्याहून थेट होतं. पाय सरकारकडून फुकट मिळतो हे त्यांना माहीत होतं. मग ५ लाख कशाचे, असं उद्या कोणी विचारलं तर उत्तर कोण देणार?

म्हणजे एका आठवड्यात चार गोष्टी एकत्र आल्या होत्या: माणसाची संमती नव्हती, आकडा खोटा होता, वर्गणीची परवानगी नव्हती, आणि पैसा खाजगी खात्यात होता.

पहिला निर्णय: थांबायचं

शेजारच्या गावचे एक निवृत्त सुभेदार मध्ये पडले. त्यांनी मंडळाला पैसे जमवणं बंद करायला लावलं आणि आलेले १८,३०० रुपये ज्याचे त्याला परत पाठवायला सांगितलं. यावर बरीच वादावादी झाली. 'चांगल्या कामाचे पैसे परत कायले करायचे' हा मुद्दा पोरांनी लावून धरला. सुभेदारांचं म्हणणं असं होतं की ते पैसे लोकांनी ५ लाखांच्या पायासाठी दिले आहेत, तो पाय आपण घेणार नाही, तेव्हा ते आपले नाहीत. शेवटी प्रत्येकाला दोन ओळींचा खुलासा लिहून रक्कम परत गेली. पुढे रीतसर संकलन सुरू झाल्यावर यातले १५,९०० रुपये त्याच लोकांकडून पुन्हा आले. आमच्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात मोलाचा निर्णय होता. पुढे लोकांनी विश्वासाने पावत्या फाडल्या त्या यामुळे.

पोस्टर मात्र परत घेता आलं नाही. मंडळाने ते काढून टाकायची विनंती फिरवली, तरी दिवाळीपर्यंत ते कुठल्या ना कुठल्या गटात उगवत राहिलं.

तीन रकान्यांचा कागद

सुभेदारांनी नाईकांच्या घरी बसून एक आखीव कागद भरला. रकाने तीन: हक्काने काय मिळतं, अर्ज केल्यावर योजनेतून काय मिळू शकतं, आणि कोणीच देत नाही असं काय. समोर कागदपत्रं मांडली होती: डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ (मंजुरीचा आदेश), माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं ईसीएचएस कार्ड, माजी सैनिक ओळखपत्र, वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड. यातलं यूडीआयडी काढलेलंच नव्हतं. 'फौजेचा कागद आहे, मग हे कशाला' असा समज होता. लष्करी वैद्यकीय मंडळाचा अहवाल पेन्शनसाठी चालतो, पण ग्रामपंचायतीपासून एसटीपर्यंतच्या मुलकी सवलतींना यूडीआयडीच विचारतात.

पहिल्या रकान्यात आला पाय. सेवेत गमावलेल्या पायाची दुरुस्ती, नवं सॉकेट, पुढे लागेल तेव्हा नवा पाय, हे सगळं लष्करी आरोग्यव्यवस्थेतून मिळतं. त्यासाठी गावाने एक रुपयाही जमवायची गरज नव्हती. जखमेवर उपचार कामठीच्या लष्करी रुग्णालयात. अडचण अंतराची होती. कामठी सव्वाशे-दीडशे किलोमीटर, पुणे त्याच्या कितीतरी पुढे, आणि एका पायाच्या माणसाने एकट्याने सामानासह जायचं कसं? सोबत जाणाऱ्या पत्नीचं तिकीट, राहणं-खाणं आणि तेवढ्या दिवसांची शेतीची मजुरी कुठल्याच योजनेत बसत नव्हती. म्हणून ते तिसऱ्या रकान्यात गेलं.

पीपीओ वाचताना सुभेदारांना आणखी एक गोष्ट खटकली. पेन्शनमध्ये 'अपंगत्व घटक' लावलेला होता. सुरुंगस्फोट हा युद्धजखमेत मोडत असेल तर 'युद्धजखम घटक' लागायला हवा, आणि तो साध्या अपंगत्व घटकाच्या किमान दुप्पट असतो. रेकॉर्ड ऑफिसला स्फोटाच्या अहवालाच्या प्रतीसह अर्ज गेला. हे टिपण लिहीपर्यंत त्याचं उत्तर आलेलं नव्हतं. पण तो मान्य झाला, तर एकट्या त्या दुरुस्तीचे वर्षाचे पैसे गावाच्या सगळ्या वर्गणीपेक्षा जास्त होतील. वर्गणीच्या नादात हा कागद कोणी उघडलाच नसता.

दुसऱ्या रकान्यात आली बाजूला चाकं लावलेली स्कूटर, आणि इथे सुभेदारांचीही चूक झाली. केंद्रीय सैनिक बोर्डाची स्कूटरसाठीची मदत आहे, पण ती सेवेतून बाहेर पडल्यानंतर अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांसाठी. सेवेत असताना अपंग झालेल्यांची सोय लष्कराच्या स्वतःच्या विभागाकडून होते. अर्ज बोर्डाच्या नमुन्यात भरला गेला, तो सात आठवड्यांनी परत आला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकाला अर्जाआधी एक फोन केला असता तर हे दोन महिने वाचले असते.

त्याच रकान्यात ग्रामपंचायतीचा दिव्यांग निधीही होता. स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. माजी सैनिकाच्या घरपट्टीची माफीही इथेच आली. राज्याने २०२० मध्ये ती सर्व माजी सैनिकांना लागू केली, तरी नाईक दोन वर्षं घरपट्टी भरत होते.

तिसऱ्या रकान्यात शेवटी उरलं ते असं: ओट्याला उतार, कमोड आणि आधाराच्या दांड्या, न्हाणीत बसायची सोय, रस्त्यापर्यंतची पक्की वाट, दोन वेळचा पुण्याचा सोबतीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांची मजुरी. अंदाज ६०,००० रुपये. पोस्टरवरच्या ५ लाखांच्या जागी आता हा आकडा आला.

समोरचे पर्याय

पैसा कसा उभा करायचा यावर दोन बैठका झाल्या. इंटरनेटवरच्या देणगी संकेतस्थळावर आवाहन टाकायचा पर्याय नाईकांनीच नाकारला, फोटो आणि जखमेचं वर्णन त्यात टाळता येत नव्हतं.

सगळी रक्कम सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला द्यावी, असं शाळेच्या मुख्याध्यापकांनी सुचवलं. ध्वजदिन १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळला जातो, संकलन जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चालतं, आणि त्या देणगीला तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ८०जी खाली सवलत मिळत होती. निधी चांगला आणि खात्रीचा. पण तो सगळ्यांचा आहे. त्यात टाकलेला पैसा अमुक एका घराच्या न्हाणीसाठी मागता येत नाही. म्हणून वाट दुहेरी ठरली. ज्यांना करसवलत हवी (तालुक्याचे दोन व्यापारी आणि काही शिक्षक) त्यांनी थेट ध्वजदिन निधीला द्यावं. मंडळाच्या पावतीवर ठळक छापलं: 'या रकमेवर ८०जी सवलत नाही.'

एकाने सोडतीची कल्पना मांडली, १०० रुपयांचं तिकीट आणि पहिलं बक्षीस मोटारसायकल. पैसे सर्वांत जलद याच मार्गाने जमले असते. पण सरकारी परवानगीशिवाय तिकीट विकून सोडत काढणं गुन्हा आहे, आणि तो गुन्हा एका जखमी जवानाच्या नावावर करायचा का, यावर बैठक संपली.

उरलं नाटक. या भागात ही रुळलेली वाट आहे. दिवाळीनंतर मंडईचा हंगाम सुरू होतो, वडशाच्या नाट्यमंडळ्यांची तारखांची बुकिंगं लागतात, मंडळ ठरलेल्या रकमेला नाटक घेतं, तिकिटं विकतं आणि उरलेल्या पैशांत गावाचं काम करतं.

तारीख हा खरा पेच होता. मंडईच्या दिवसांत गर्दी हमखास, पण आजूबाजूच्या दहा गावांतही त्याच रात्री नाटकं, आणि कंपनीचा भाव चढा. शिवाय धान तेव्हा शेतातच असतं. आधारभूत केंद्रावर, म्हणजे सरकारी हमीभावाच्या खरेदी केंद्रावर, विकलं तरी पैसा खात्यात यायला वेळ लागतो. म्हणून जानेवारीचा दुसरा आठवडा ठरला. भाव ७२,००० वर उतरला.

नाईकांच्या अटी

त्यांनी कागदावर चार अटी लिहून दिल्या आणि मंडळाने त्याखाली सह्या केल्या. पोस्टरवर नाव आणि फोटो नको, 'आपल्या भागातल्या एका जखमी जवानासाठी' एवढंच. रंगमंचावर बोलावून सत्कार किंवा धनादेश देणं नको. पैसे हातात नको, काम करून द्या. हिशेब ग्रामसभेत वाचा.

पत्नीने तोंडी एक पाचवी अट घातली: फटाके नकोत. दिवाळीच्या तीन रात्री नाईक घरात थांबत नाहीत, नदीकाठच्या शेतातल्या झोपडीत जाऊन झोपतात, हे तोवर गावात कोणाला ठाऊक नव्हतं. याच कारणाने नाटकही बदललं. मंडळाने आधी सीमेवरचं, बॉम्बस्फोटाच्या प्रवेशाचं देशभक्तिपर नाटक बघून ठेवलं होतं. ते सोडून कौटुंबिक नाटक घेतलं.

परवानगी आणि पैशाची व्यवस्था

मंडळ नोंदणीकृत नव्हतं. अशा मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. त्यासाठी समितीचा ठराव, सदस्यांची ओळखपत्रं आणि आधीच्या वर्षीचा हिशेब जोडावा लागला. आधीच्या मंडईचा हिशेब एका वहीत पेन्सिलने लिहिलेला होता, तो नीट करण्यात आठ दिवस गेले. ध्वनिक्षेपक आणि कार्यक्रमाची परवानगी पोलीस ठाण्यातून वेगळी.

मंडळाच्या नावाचं बँक खाते उघडलं, दोघांच्या सहीचं. एक सही अध्यक्षाची, दुसरी अंगणवाडी सेविकेची, कारण ती मंडळाची नव्हती आणि गावाचा तिच्यावर भरवसा होता. तिकिटं आणि पावत्या अनुक्रमांकाच्या, ५० पानांच्या पुस्तकांत. कोणाला कुठलं पुस्तक दिलं याची वही त्याच सेविकेकडे. इतकं करूनही तिकिटांचं एक पुस्तक परत आलंच नाही. नेणाऱ्याने ते 'बसमध्ये राहिलं' असं सांगितलं. ८० रुपये दराने ते ४,००० होतात. हिशेबात ते 'बेपत्ता पुस्तक' म्हणून दाखवलं गेलं आणि ग्रामसभेत तसंच वाचलं गेलं.

नाटकाची रात्र

मैदान धानाच्या कापलेल्या बांधीतच आखलं होतं. तीन बाजूंनी कनाती, समोर रंगमंच, जनरेटर मंडपापासून लांब वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पुढे खुर्च्या, मागे खाली बसणारे, घोंगड्या आणि शेकोटीच्या तयारीने आलेले. ८६० तिकिटं खाली बसण्याची, ३१० खुर्चीची. शिवाय १४० जण मानाच्या पासवर. एवढे पास वाटायला नको होते. त्यातले निम्मे लोक सहज तिकीट काढणारे होते.

देणगीची पेटी आणि पावतीचं टेबल प्रवेशाजवळ नव्हतं, पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या मधल्या चहाच्या जागी होतं. हे जाणूनबुजून केलं होतं. दारात माणूस घाईत असतो, जागा धरायची असते. मध्यंतरात तो थांबतो, वाचतो, विचारतो. टेबलावर तिसऱ्या रकान्याची यादी रकमांसह लावली होती. 'आधाराची दांडी, एक जोडी' हे वाचून एका म्हाताऱ्या बाईंनी तेवढ्याच रकमेची पावती मागितली, आणि त्यांच्यामागे रांगेत उभ्या असलेल्यांनीही मग यादीतल्या वस्तू निवडून पावत्या फाडल्या.

फटाके फुटलेच. पाहुण्यांची गाडी आली तेव्हा बाहेरगावच्या दोन पोरांनी लड लावली. त्यांना बंदी ठाऊकच नव्हती. नाईक मागच्या रांगेत पत्नीसोबत बसले होते. त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली, ऐन थंडीत कपाळ घामाने भिजलं, आणि पडदा उघडायच्या आत ते घरी निघून गेले. तिथे चूक स्वयंसेवकांच्या वाटपात होती. सगळे आत होते, रस्त्यावर आणि गाड्यांच्या जागेवर एकही नव्हता. 'फटाके नाहीत' हे पाहुण्यांच्या माणसांना आधी कळवायचंही राहिलं होतं.

हिशेब

तिकीट विक्री: खालची ६८,८०० आणि खुर्चीची ४६,५००, मिळून १,१५,३०० रुपये.

खर्च: नाट्यमंडळी ७२,०००; मंडप, कनाती, खुर्च्या १८,५००; जनरेटर आणि डिझेल ६,२००; छपाई आणि भोंग्याची रिक्षा ४,३००; चहा, जेवण, सफाई ३,६००. एकूण १,०४,६००.

नाटकातून उरले फक्त १०,७०० रुपये.

देणगी: रोख ३३,५०० आणि यूपीआय २७,९०० (परत आलेले १५,९०० धरून), मिळून ६१,४००. रोखीतल्या ८,४०० रुपयांचं मूळ धान होतं. लोकांनी पायलीने आणून दिलेलं ४ क्विंटल २० किलो. ते आधारभूत केंद्रावर घालता आलं नाही, कारण तिथे शेतकऱ्याची नोंदणी आणि सातबारा लागतो. मंडळाला सातबारा कुठला? व्यापाऱ्याला २,००० रुपये क्विंटलने विकावं लागलं.

हाती आले ७२,१०० रुपये. महिनाभराची धावपळ, दहा-बारा पोरांची झोप आणि लाखाच्या वर खर्च करून तिकिटांनी १०,७०० दिले. पाऊस आला असता किंवा शेजारच्या गावात मोठं नाटक लागलं असतं, तर तेही गेले असते. नाटकामुळे माणसं जमली आणि जमली म्हणून पावत्या फाटल्या, हे खरं. पण कंपनीचे ७२,००० बांधून घेण्याआधी हे गणित कोणी कागदावर मांडलं नव्हतं.

बांधकाम: चुकलेला उतार

उतार पहिल्यांदा चुकला. गवंड्याने ४५ सेंटीमीटर उंचीला २ मीटर लांबीचा उतार घातला, वर घोटून गुळगुळीत केलेलं सिमेंट. दिसायला छान. पण हा चढ जवळपास साडेचारास एक होतो. कृत्रिम पायाचा घोटा माणसाच्या घोट्यासारखा वाकत नाही. अशा चढावर गुडघा मागे रेटला जातो, उतरताना पुढे ढकलला जातो. कुबडी तर गुळगुळीत सिमेंटवर घसरतेच. नाईकांनी एकदा चढून पाहिलं आणि पुन्हा पायऱ्याच वापरू लागले. तोडफोडीसह ६,३०० रुपये वाया गेले.

दुसऱ्यांदा माप बाराला एक धरलं, म्हणजे ४५ सेंटीमीटरला ५ मीटर ४० सेंटीमीटर. अंगणात एवढी सरळ जागा नव्हती, म्हणून मध्ये वळण आणि वळणावर दीड मीटरची सपाट जागा. रुंदी १२० सेंटीमीटर, दोन्ही कडांना बोटभर उंच कठडा, जेणेकरून कुबडीचं टोक बाहेर घसरू नये. पृष्ठभाग ओला असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढल्या. शिवाय जुन्या दगडी पायऱ्या काढून सारख्या उंचीच्या तीन पायऱ्या आणि एका बाजूला दांडी. पाय घातलेला असतो तेव्हा नाईक पायऱ्याच पसंत करतात. उतार लागतो तो पाय काढलेल्या दिवशी. दोन्ही हवं होतं हे त्यांना विचारल्यावर कळलं, गवंड्याला नकाशा देण्याआधी कोणी विचारलं नव्हतं.

न्हाणीत सिमेंटचा ४५ सेंटीमीटर उंच बसका ओटा, त्याला समोरची कड गोल. दांडी भिंतीत विटेच्या जोडात न बसवता काँक्रीटचे ठोकळे भरून त्यात बसवली, कारण माणूस पडताना सगळं वजन एका झटक्यात तिच्यावर येतं. वाटेला मुरूम टाकून दाबला. मुरुमाचं भाडं दिलं, पसरणं श्रमदानाने झालं.

खर्च: उतार आणि पायऱ्या १४,८०० (वाया गेलेले धरून), संडास-न्हाणी १९,६००, दोन वेळा पुणे ११,२००, वाट ९,५००, मजुरी ४,०००. एकूण ५९,१००. शिल्लक १३,०००.

शिल्लक आणि 'आमचं काय?'

हिशेब वाचला त्या ग्रामसभेत एक शेतमजूर उठले. मळणीयंत्रात त्यांचा डावा हात गेला आहे. "काकाजी, फौजीचं झालं ते बरं झालं. आमचं काय?" गावात यूडीआयडी मिळू शकेल असे आणखी अकरा जण होते. ग्रामपंचायतीच्या ५ टक्के निधीतून तोवर दरवर्षी फक्त किरकोळ वस्तूंचं वाटप व्हायचं.

१३,००० रुपयांचं काय करायचं हे पावतीवर छापलेलं नव्हतं, त्यामुळे ते आपोआप दुसऱ्या कामाला वळवता येत नव्हते. नाईकांनी स्वतः सुचवलं की उपकेंद्राच्या पायऱ्यांना दांडी आणि उतार व्हावा. सभेने तसा ठराव केला, देणगीदारांच्या गटावर तो टाकला, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली. हरकत आली नाही. त्या अकरा जणांपैकी आठ जणांचे यूडीआयडीचे अर्ज त्याच महिन्यात भरले गेले.

कोणी केंद्रीय राखीव पोलीस दलासारख्या दलाच्या जवानासाठी असं काम करणार असेल, तर एक फरक ध्यानात ठेवावा. गडचिरोलीलगतच्या भागात हा प्रश्न हमखास येतो. ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात. पहिला आणि दुसरा रकाना तिथे पूर्ण वेगळा भरावा लागतो, अर्ज त्या दलाच्या मुख्यालयाकडे जातात. 'जवान म्हणजे जवान' या समजुतीने जिल्हा सैनिक कार्यालयात फेऱ्या मारून लोक दमतात.

पुन्हा करायचं झालं तर

पोस्टरआधी त्या माणसाच्या घरी जायचं, आणि एकट्याने बोलायचं, चारचौघांसमोर नाही. बैठकीत 'काय पाहिजे' विचारलं तर स्वाभिमानी माणूस 'काही नको' म्हणतो आणि गप्प बसतो. पत्नीला वेगळं विचारायचं. पडण्याच्या, झोपेच्या, फटाक्यांच्या गोष्टी तिच्याकडूनच कळल्या.

तीन रकान्यांचा कागद पहिल्या आठवड्यात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या माणसाला सोबत घेऊन. पावतीवर दोन ओळी जास्त: पैसे कशावर खर्च होतील, आणि उरले तर कुठे जातील.

नाटकाऐवजी ७ डिसेंबरला शाळेच्या पटांगणात यादी लावून, भजन ठेवून, पावत्यांचं टेबल मांडलं असतं, तर खर्च चहापुरता झाला असता. गर्दी कमी आली असती, देणगीही कमी आली असती हे मान्य. तरी ६०,००० पर्यंत पोहोचता आलं असतं असं सुभेदारांचं मत आहे. मंडळाच्या पोरांना ते अजून पटलेलं नाही. त्यांच्या मते नाटक नसतं तर बाहेरगावचे लोक आलेच नसते. आमचा कल सुभेदारांकडे आहे, पण पोरांचा मुद्दा खोटा नाही.

आणि शेतासाठी वेगळा पाय. हे कोणाच्याच यादीत नव्हतं. पुण्याच्या पायाला बूट लागतो, चिखलात तो टिकत नाही. जयपूर फूटचा रबरी पंजा अनवाणी चालण्यासाठी, उकिडवं बसण्यासाठी आणि पाण्या-चिखलात वापरण्यासाठीच घडवलेला आहे. १९६८ मध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो बनवला, आणि तो शिबिरांतून फुकट बसवून मिळतो. नाईकांना ही माहिती पुण्यात दुसऱ्या फेरीला, शेजारच्या खाटेवरच्या एका मराठा पलटणीच्या जवानाकडून मिळाली.

निष्पत्ती

जखम सहा आठवड्यांत भरली. नवं सॉकेट दुसऱ्या फेरीत बसलं, आता एकच मोजा लागतो. स्कूटर योग्य कार्यालयात अर्ज गेल्यावर पाच महिन्यांनी आली. अनुकूलित वाहन म्हणून नोंद आणि त्याचा परवाना काढण्यात आणखी महिना गेला. घरपट्टी माफ झाली. न्हाणीत त्यानंतर पडणं झालेलं नाही.

पुढच्या रोवणीला ते दोन पाय घेऊन होते. सकाळी घरून बूट घातलेल्या पायाने स्कूटरवर धुऱ्यापर्यंत यायचे, तिथे आंब्याखाली बसून तो काढायचे, स्टम्प कोरड्या फडक्याने पुसून जयपूरचा पाय चढवायचे आणि पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची पेंढी घेऊन बांधीत उतरायचे.